आबांच्या नावावरचा गोल

बुध. ४ जाने. १९७८

देसाईबाईंनी आज इतिहासाच्या तासाला काम लावलं. म्हणाल्या, "तुमच्या घरातली अशी एक गोष्ट निवडा, जिच्याबद्दल कुणालाच शंका नाही. ती तीन ठिकाणी लेखी सापडते का बघा. मग मला सांगा, कुणाचं किती खरं मानायचं आणि का." मुदत फेब्रु.अखेर. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, शंकाच नाही तर शोधायचं काय? बाई म्हणाल्या, "तेच."

मला दोन मिनिटंही लागली नाहीत. आबांचा गोल. सन ५१ ची फुटबॉलची फायनल, शेवटचं मिनिट, आबा डोक्याला पट्टी बांधून खेळत होते, आणि गोल. जिंकणाऱ्या संघाची ढाल आमच्या तालमीत आली ती त्या दिवशी. शिवाजी पेठेत शेंबड्या पोराला विचारा, सांगेल. आबा म्हणजे माझे वडील, रंगराव माने, सायकल दुकानवाले. त्यांना आजही लोक "गोलवाले रंगराव" म्हणतात.

शिवाय २६ फेब्रु.ला तालमीचा वर्धापनदिन आहे. आबांचा सत्कार. स्मरणिकेत त्या गोलावर लेख पाहिजे, तो तालमीच्या तात्या उस्तादांनी माझ्याच गळ्यात घातलाय, कारण पेठेत कॉलेजात जाणारी मीच एक रिकामटेकडी. तर दोन्ही कामं एकदमच होतील. बाईंना वाटत असेल आम्ही घाम गाळू. मी आठवड्यात उरकते.

शनि. ७ जाने.

वाचनालय. जुने पेपर बघायचेत म्हटल्यावर तिथल्या काकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग मागच्या खोलीतून एक बांधीव गठ्ठा आणला. एवढा जड की टेबलावर ठेवताना त्यांचा चष्मा घसरला. "पानं दोन्ही हातानं उलटायची. थुंकी लावायची न्हाय."

मी कधी असं काही बघितलं नव्हतं. ५१ सालचं सगळं वर्ष दिवसाच्या मागे दिवस लावून शिवून ठेवलेलं. कुणाचं तरी हरवलेलं जनावर. साखरेचं रेशन. एका औषधाची जाहिरात, तिच्यातली बाई आईच्या लग्नातल्या फोटोसारखं नेसलेली. माझा जन्म व्हायला सहा वर्षं अवकाश होता आणि कोल्हापूर माझ्याशिवाय मजेत चाललेलं होतं. फायनल शोधायला आले होते, पण तासभर नुसती पानंच उलटत बसले. हात काळे झाले, चार शिंका आल्या.

मग सापडलं. तिसरं पान, खाली कोपऱ्यात. उतरवून घेतलं ते असं: "सामना संपण्यास अवघे एक मिनिट उरले असता रंगराव माने यांनी मस्तकास पट्टी बांधलेल्या स्थितीत चेंडू उजव्या पायाने जाळ्यात धाडला. प्रेक्षकांनी 'रंगा, रंगा' असा एकच गजर केला." खाली अकरा जणांची नावं.

अंगावर काटा आला. आपला बाप छापलेला. छापल्यावर तो आपला राहत नाही, कुणीतरी मोठा होतो. घरी येऊन आबांकडे बघत बसले. ते सायकलच्या ट्यूबला पंक्चर लावत होते.

मंगळ. १० जाने.

दुसरा दैनिक पेपर, मग एक साप्ताहिक. दोन्हीत सापडलं. तीनपैकी तीन. तिन्हीत आबा, तिन्हीत पट्टी. आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "मी कुठं बघाय गेलतो? माझ्या बानं पोरगं बघितलं ते गोल मारणारं हाय म्हणूनच की." म्हणजे हा गोल झाला नसता तर मीही झाले नसते. हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

जेवताना आबांनाही वाचून दाखवलं. खाली मान घालून ऐकलं. "बरं लिवलंय," एवढंच. मग पाणी मागितलं. आबांना मोठेपणा मिरवायची सवयच नाही.

गुरु. १२ जाने.

बाईंना वही दाखवली, ऐटीत. तीन पेपर, तीन नकला. बाईंनी वाचलं, चष्मा काढला. "ही अकरा नावं खरी का?"

मी हसत सांगितलं, एक सोडून. गोलकीपर बंडाचं बोट सेमीतच मोडलं होतं, फायनलला त्याचा चुलतभाऊ उभा होता, पेठेत सगळ्यांना माहीत आहे.

"पण तिन्ही पेपरांत बंडाच आहे."

"हो."

"आणि नावांचा क्रमही तिन्हीत एकच. तर हे तीन पुरावे आहेत की एक?"

मला कळायला वेळ लागला. मग लख्ख कळलं. तिघांनीही नावं मैदानात बघून लिहिली नव्हती. सामन्याआधी तालमीनं पंचांकडे यादी दिली असणार, तिच्यावरून तिघांनी उतरवलं. तीन साक्षीदार म्हणून मी नाचत होते, आणि होता एक कागद.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, माणसानं काही सांगितलं की तीन गोष्टी विचारायच्या. कोण सांगतोय. त्याला कसं कळलं. सांगून त्याला काय मिळतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतल्या. किती साधे प्रश्न. एवढी वर्षं शाळा शिकले, पुस्तकातलं पाठ करून ओकले, आणि हे मला कुणी विचारायला शिकवलं नाही. घरी येताना रस्त्यातल्या प्रत्येक पाटीकडे मी संशयानं बघत होते. "शुद्ध तुपातील". कोण सांगतोय? दुकानदारच की.

रवि. १५ जाने.

ज्यांनी डोळ्यानं बघितलं त्यांना शोधायला पेठेत फिरले. सात जण भेटले. सातही जण अगदी गोलाच्या पाठीमागे उभे होते. गोलाच्या पाठीमागे तेव्हा केवढी जागा असेल कुणास ठाऊक.

तिघं म्हणाले उजवा पाय. दोघं डावा. एकजण म्हणतो डोक्यानं, पट्टीसकट. सातवे आमचे शेजारचे मामा, त्यांनी तर हात पसरून सगळा गोल करून दाखवला, माझ्या अंगावर आले. घरात त्यांच्या बायकोनं हळूच सांगितलं, "त्ये वर्सभर बेळगावात हुते कामाला."

मामा खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच दिसतोय तो गोल. मला हेच फार अजब वाटलं. बघितलं नाही ते इतकं स्पष्ट दिसतं माणसाला.

एका गोष्टीवर सातही जणांचं एकमत: डोक्याची पट्टी.

बुध. १८ जाने.

फोटो. तालमीच्या भिंतीवर फायनलनंतर लगेच काढलेला फोटो आहे, ढाल मधे ठेवून. बायका तालमीत पाय ठेवत नाहीत. मी बाहेर कट्ट्यावर बसले आणि तात्या उस्तादांनी तो भिंतीवरून काढून उंबऱ्यापर्यंत आणून दिला. तात्या आता सत्तरीचे आहेत, पण अजून अंगात मलमलचा सदरा आणि आवाज लाउडस्पीकर. त्या साली संघ तेच बघत होते. धोतराच्या सोग्यानं काच पुसली. "बघ, तुझा बा कसा वाघ दिसतोय."

बघितलं. दहा जण गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेले, केस कपाळाला चिकटलेले. आणि मधे आबा. केस विंचरलेले. पाय स्वच्छ.

पट्टी नाही.

तात्यांना म्हटलं, पट्टी कुठाय? ते म्हणाले, "सोडली असंल की." मग फोटो जरा घाईनंच आत नेला. सत्तावीस वर्षं हा फोटो तिथे टांगलाय. त्याच्याच खाली उभं राहून लोक पट्टीची गोष्ट सांगतात. कुणाला दिसलं नाही. मला तरी कुठे दिसलं असतं, बाईंनी डोळे दिले नसते तर.

संध्याकाळी आबांच्या कपाळाकडे टक लावून बघत होते. व्रण नाही. ओरखडाही नाही. "काय गं?" म्हणाले. म्हटलं, काही नाही, घाम आलाय तुम्हाला.

शुक्र. २० जाने.

बाईंना सांगितलं. मला वाटलं शाबासकी देतील. म्हणाल्या, "उडी मारू नका. पट्टी नाही याची आणखी तीन कारणं लिहा, मग बोला."

लिहिली. १) फोटोसाठी सोडली. २) फोटोवाल्यानं पाय धुवायला लावले (मग एकट्यालाच का?). ३) जखम छोटी होती, व्रण राहिला नाही. तिन्ही शक्य आहेत. फोटो काय दाखवतो ते मला दिसतं, का दाखवतो ते तो सांगत नाही.

बाई: "आता असा माणूस शोधा, ज्याला तुमची तालीम जिंकली काय आणि हरली काय, सारखंच." कोल्हापुरात असा माणूस म्हणजे अवघडच काम. इथे कुत्रीसुद्धा कुठल्या ना कुठल्या पेठेची आहेत.

आज पहिल्यांदा वाटलं, हे इथेच सोडावं. घरातली एक चांगली गोष्ट मी कशाला नखानं खरवडतेय? पण आता सोडवतही नाही. जीभ दुखऱ्या दाताकडेच जाते तसं झालंय.

रवि. २९ जाने.

माणूस सापडला. कसबा बावड्याला राहतात, रामूमामा. तेव्हा मैदानावर गोळीसोड्याची गाडी लावायचे. ज्याला तहान लागेल तो त्यांचा. आता साखर कारखान्याच्या रस्त्याला नातवाबरोबर चार म्हशी सांभाळतात.

आधी परीक्षा घेतली, बाईंनी शिकवल्याप्रमाणे. पेपरात जे आहे ते त्यांना न सांगता विचारलं. पहिल्या अर्ध्यात किती गोल? "एकबी न्हाय." बरोबर. कुणाला लागलं? "समोरच्या टीमच्या बॅकला, नाकातनं रगात. माझ्याच गाडीवरचं बर्फ लावलं." बरोबर, बर्फसुद्धा पेपरात होतं. ढाल कुणाच्या हस्ते दिली? तेवढं चुकलं. आणि कबूलही केलं, "त्ये काय मी बघितलं न्हाय, मी बाटल्या गोळा करीत हुतो." एवढ्यानंच मला ते पेपरापेक्षा खरे वाटायला लागले. जे बघितलं नाही ते बघितलं नाही म्हणणारे पेठेत मला अजून भेटले नव्हते.

मग विचारलं, गोल कुणी मारला?

म्हातारा हसला. "तू कुणाची?"

सांगितलं. हसू गेलं. बराच वेळ म्हशीला वैरण टाकत राहिले. मीही हलले नाही. शेवटी म्हणाले, "शिकलगाराच्या पोरानं मारला बाई. आजऱ्याहनं नवंच आलतं, मामाकडं. त्येच्या मामाचं धार लावायचं दुकान माझ्या गाडीच्या म्होरंच. डोक्याला पट्टी हुती तरी मी चालीवरनं वळीखलं. डाव्या पायानं मारला."

तो तुमच्याशी कधी बोलला? "न्हाय. त्यो बोलंल कसा. त्येनं पलीकडच्या पेठेच्या क्लबाला सही दिलती. एका सालात एकाच क्लबाकडनं खेळायचं, असा कायदा. म्हणून तर दुसऱ्याच्या नावानं उतरवला."

येताना एस.टी.त बसले. उतरायचं विसरून पुढे गेले.

शुक्र. ३ फेब्रु.

तात्या घरी आले. लेख कुठवर आला? आई चहा टाकायला गेली तसे पुढे वाकले. "बावड्याला गेलतीस म्हणं." म्हटलं, हो. "पोरी, लई खोल खणू नको. निम्म्या पेठेला म्हाईत हुतं, उरलेल्या निम्म्यानं इचारलं न्हाय. आता भाईर पडलं तर ढाल परत मागतील. तालमीत उद्या पोरं खेळायची हायत. आन तुझ्या बाला भर मांडवात कोण हार घालंल?"

चहा पिऊन गेले. बशीत निम्मा तसाच.

आई म्हणाली, "काय म्हणत हुते?" म्हटलं, लेख लवकर दे म्हणत होते.

रवि. ५ फेब्रु.

दुपारी दुकानात आबांना विचारलं. गिऱ्हाईक नव्हतं. कसं विचारायचं याची चार दिवस तयारी केली होती, ती सगळी विसरले. सरळच विचारलं. "आबा, तो गोल तुम्ही मारला?"

आबांनी पाना खाली ठेवला. म्हणाले, "न्हाय."

इतकं सोपं. मी सात जणांना, तीन पेपरांना, एका फोटोला विचारून आले होते.

मग त्यांनीच सांगितलं, हात पुसत. जसं बोलले तसंच लिहिते:

"दोन दिस आधी माझा पाय मुरगाळला. सुजून भोपळा. यादी गेलती, नाव बदलता येत न्हवतं. तात्या म्हणाला, रंगा, तू तालमीच्या माळ्यावर बस, कुणाला दिसू नको. त्या पोराची माझी अंगकाठी एकच. पट्टी ही तात्याची अक्कल, निम्मं तोंड झाकतंय. बसलो की मग. खिडकी लावून. मैदानातलं वरडणं तिथवर ऐकू येतंय. आन एकदम सगळं मैदान 'रंगा, रंगा' कराय लागलं. मला वाटलं, कुणीतरी मला बघितलं. मी आणखी आत सरकलो."

हातातलं फडकं झटकलं. मग: "तात्या पळत आला. शर्ट दिला, फोटोवाला थांबलाय म्हणाला. मी लंगडत गेलो. लोकांनी लंगडणं बघितलं आन खांद्यावरच घेतला."

मी रडकुंडीला आले होते. रागही आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. म्हटलं, आबा, सत्तावीस वर्षं खोटं बोललात?

"एकदाबी न्हाय. तू मारलास का, असं कुणी इचारलंच न्हाय. सगळी मला सांगतच आली. इचारणारी तू पयली."

आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं काही जड उचलून बाजूला ठेवलंय. आबांच्या डोळ्यांत पाणी मी त्यांचे वडील गेले तेव्हाही बघितलं नव्हतं. तेवढ्यात एकजण हवा भरायला आला.

शनि. ११ फेब्रु.

आबांनी स्वतःच म्हटलं, चल. सायकलवरून, मी मागे कॅरियरवर. पलीकडची पेठ, मशिदीजवळची गल्ली, बाबालाल शिकलगार यांचं धार लावायचं दुकान. मी चाचा म्हटलं. चाळिशी उलटलेली, केस पांढरे, पायानं चाक फिरवत होते. आबांना बघून चाक थांबवलं नाही, नुसतं म्हणाले, "ये रंगा. आज काय, कात्री का सुरी?"

म्हणजे आबा नेहमी येतात इथे. दर दसऱ्याच्या आधी, दुकानातली हत्यारं घेऊन. सत्तावीस दसरे. चहा पितात, पावसापाण्याचं बोलतात. गोलाचं एकदाही नाही. आबा मला रस्त्यात हे सांगत होते तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं.

आबांनी हत्यार काढलं नाही. म्हणाले, "पोरीला म्हाईत हाय."

चाक हळूहळू थांबलं.

चाचांनी मला एकच विचारलं. "पेपरात काय लिवलंय? मी कधी बघितलं न्हाय." वही काढून वाचलं. ते मान खाली घालून, हातानं फडकं धरून ऐकत होते. "उजव्या पायाने" आलं तिथे थांबवलं. "डाव्या. उजवा पाय घसरलाता." पुढे पट्टी आली. "ती डोळ्यावर आलती. एकाच डोळ्यानं बघून मारला." "रंगा, रंगा असा एकच गजर" हे वाचताना मी अडखळले. चाचा म्हणाले, "वाच की. त्ये ऐकलंय मी. लई जोरात हुतं."

तिथे बसून वाटलं, खरी बातमी ती ही. सत्तावीस वर्षं एका माणसाच्या अंगात जशीच्या तशी ठेवलेली, पायाच्या घसरण्यासकट. कुठल्या वाचनालयात ती नव्हती, आणि गल्लीतला कुणीही येऊन विचारू शकला असता.

म्हटलं, चाचा, कुणालाच सांगितलं नाही? "कुणाला सांगू? दुसऱ्या पेठेसाठी खेळलो म्हटलं तर मामानं घरात घेतला नसता. आता माझी दोन पोरं हितल्याच क्लबात खेळत्यात. मी बी नंतर चार वर्सं खेळलो हितनं. फायनलला गोल काय जमला न्हाय. जन्मात एकच मारला, त्यो तुझ्या बाच्या नावावर."

आबा जमिनीकडे बघत होते.

निघताना चाचा म्हणाले, मला याची नक्कल करून दे. डावा पाय घाल. नावाची जागा मोकळी सोड. मी विचारलं, मोकळी का? "माझं लिवलंस तर हितं माझी पोरं खाली मान घालून फिरणार. त्येचं लिवलंस तर…" चाकाला पाय लावला.

बुध. १५ फेब्रु.

बाईंपुढे सगळं ठेवलं. बाई वाचत असताना मी त्यांच्या टेबलावरची टाचणी उलटीसुलटी करत होते. वाचून झाल्यावर वही मिटली. म्हणाल्या, "मी हे काम दहा वर्षं देतेय. मुलं जन्मतारखा आणतात."

विचारलं, स्मरणिकेत काय लिहू? "ते मला विचारू नका. शोध तुमचा, वडीलही तुमचे." मग जाताजाता: "माहीत असलेलं सगळं लिहायलाच पाहिजे असं नाही. पण नाही ते लिहू नका."

हे ऐकायला सोपं आहे. घरी येऊन कागद घेऊन बसलं की कळतं.

सोम. २० फेब्रु.

लेख दिला. तहान, धूळ, बर्फ, बंडाचं बोट, पट्टी डोळ्यावर आलेली, घसरलेला उजवा पाय, डावा पाय, गजर. सगळं. आणि गोल मारणाऱ्याच्या नावाची जागा मोकळी. चाचांना नक्कल नेऊन दिली, त्यांनी घडी करून कुराणाच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

तात्या भडकले. "नाव कुठाय?" म्हटलं, तेवढं आबांना विचारून घाला. "त्येला काय इचारायचं?" म्हटलं, तेच तर, तात्या. कुणी विचारलं नाही त्यांना.

तात्यांनी कागद काखेत मारले. मला वाटतं ते थकलेत. यादी त्यांच्याच हातची होती. बाईंचे ते तीन प्रश्न मी त्यांनाही लावून बघितले: सांगून त्यांना काय मिळतं? ढाल, आणि त्या ढालीखाली रोज जोर मारायला येणारी पन्नास पोरं. हे काय कमी नाही. म्हणून त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही. आबा म्हणाले, मी सांगतो.

शुक्र. २४ फेब्रु.

प्रेसमधून प्रूफ आलं. मोकळ्या जागी टिंबं टाकलीत, आठ. आबांनी चष्मा लावून पूर्ण लेख वाचला, पहिल्यांदाच. बोट ओळीखाली धरून. टिंबांपाशी बोट थांबलं. मग प्रूफ घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं. "मी देतो प्रेसात."

काय लिहिणार, विचारलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

शनि. २५ फेब्रु.

आबा प्रेसात जाऊन आले, एवढं कळलं. जाण्याआधी परसात आईशी बोलत होते. बराच वेळ. आई आत आली ती डोळे पुसत. पीठ मळायला घेतलं. थोड्या वेळानं आपली आपणच म्हणाली, "माझ्या बाला सांगू नको. त्याला आता काय कळतंय तरी," आणि मग तिला हसूच आलं. आईचं हसू थांबेना. मलाही.

रवि. २६ फेब्रु.

मांडवात बसून लिहितेय, निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर. वहीत नंतर उतरवीन.

तालमीपुढे मांडव, लेझीम, पाहुणे. स्मरणिकांचा गठ्ठा व्यासपीठावर टेबलावर आहे, सुतळी बांधलेली. पाहुण्यांच्या हस्ते सोडायची म्हणून कुणी हात लावलेला नाही. आत काय छापलंय ते प्रेसवाल्याला आणि आबांना माहीत.

आबा तीन वाजता सायकल घेऊन गेले. आईनं इस्त्री करून ठेवलेला सदरा खाटेवर तसाच आहे, रोजच्याच कपड्यात गेले. कुठे, ते सांगितलं नाही. पलीकडच्या पेठेच्या रस्त्याला वळले एवढं मी दारातून बघितलं. आता पाच वाजून दहा मिनिटं. आई शेजारी बसलीय, पदराचं टोक पिळतेय. तात्या व्यासपीठावरून दर मिनिटाला माझ्याकडे बघतात. मी मान हलवते, नाही म्हणून.

मला खरंच माहीत नाही. हे लिहिताना चमत्कारिक वाटतं. गेले दोन महिने मी जे जे शोधलं ते कुठेतरी पडलेलं होतं, जाऊन बघायचं होतं फक्त. हे अजून कुठेच नाही. आत्ता रस्त्यात घडत असेल, एका सायकलवर, एकटे की दोघं, कुणास ठाऊक.

माइकवर आबांचं नाव पुकारलं. "आजचे सत्कारमूर्ती, आपल्या पेठेची शान, रंगराव माने यांनी जिथं असतील तिथनं व्यासपीठावर यावं." कुणी उठलं नाही.

परत पुकारलं. मागे पोरांनी सुरू केलं, रंगा, रंगा. आता सगळा मांडव करतोय. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागलेत, ते आलेच असं समजून.